डोरीनबाईंचा ऑर्गन

आमच्या घरात ऑर्गन आला तो गाण्याच्या आवडीपायी, असं अण्णा शेवटपर्यंत सांगत राहिले. ते खोटं आहे. ऑर्गन आला तो सबनिसांच्या हार्मोनियमपायी. आमच्या माडीवर सबनीस भाड्यानं राहायला आले नसते, त्यांच्या बायकोनं दर शनिवारी संध्याकाळी खिडक्या सताड उघडून भावगीतं म्हटली नसती आणि ती ऐकायला गल्लीतले कानडी शेजारी आमच्या फाटकाशी थांबले नसते, तर संगीत नावाची काही वस्तू जगात असते याचा आमच्या वडलांना पत्ताही लागला नसता. त्यांना कान होते ते लेथ मशीनचा आवाज बिघडला की ओळखण्यापुरते. तेवढे मात्र चांगले होते, हे मी कबूल करते. पुढे जे घडलं ते पाहता तेही होते की नाही याची शंका येते, पण ते पुढचं पुढे.

आमचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपासून आहे हे अण्णा पाहुण्यांना चहा यायच्या आत सांगत. पूर्वज घोड्यावर बसून आले होते म्हणे. त्यांचा वंशज रोज सकाळी डबा घेऊन सिटी बसच्या दांडीला लोंबकळत पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाई आणि तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या दहाबारा माणसांवर फोरमनकी करी. सबनीसबाई नव्या आल्या तेव्हा एकदा आईला विचारायला लागल्या, "मिस्टर कुठे गेलेत?" आई म्हणाली, "पीण्याला." सबनीसबाईंचा चेहरा असा काही झाला की आईला कळेना आपलं काय चुकलं. सकाळी साडेसातला पिण्याला जाणारा नवरा आणि ते शांतपणे सांगणारी बायको! दोन दिवस त्या आईशी फार हळुवारपणे बोलत होत्या. खुलासा झाल्यावर त्या खूप हसल्या आणि तो विनोद त्यांनी पुण्याला पत्रात कळवला. आमचं सगळंच त्यांना पत्रात कळवण्याजोगं वाटे. आम्ही आमटीला 'सारू' म्हणतो, थोडंसं न म्हणता 'स्वल्प' म्हणतो, थोरल्या बहिणीला अक्का आणि बापाला अण्णा म्हणतो. "अय्या, किती गोड!" असं त्या म्हणत. एखाद्याच्या भाषेला गोड म्हणणं ही तिला भाषा न मानण्याची सभ्य तऱ्हा आहे हे कळायला मला फार वर्षं लागली नाहीत. आजही मी राहते त्या इमारतीत पुण्या-मुंबईची, कॉम्प्युटरवर नोकऱ्या करणारी मुलं आहेत. लिफ्टमध्ये मला म्हणतात, "आंटी, तुमचं मराठी सो क्यूट." मी "सरी" म्हणते, म्हणजे 'बरं', आणि माझ्या मजल्यावर उतरते.

घरात आम्ही चौघं. अण्णा, आई, मी आणि पमाक्का. पमाक्का म्हणजे अण्णांची पाठची बहीण प्रमिला, माझी आत्या, पण तिला सगळे अक्काच म्हणत. तिचं लग्न झालं नव्हतं, का झालं नव्हतं याची तीन वेगवेगळी कारणं तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडे होती आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. टेलिफोन बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात ती कामाला होती. पहाटे कोपऱ्यावर कारखान्याची बस येई, तिचा हॉर्न ऐकून गल्ली जागी होई. लांबच लांब टेबलाशी शंभर बायका ओळीनं बसत, भिंग लावून तारांचे जोड सोल्डर करत. पमाक्काच्या बोटांवर कायम बारीक डाग असत, मोहरी तडतडून उडाल्यासारखे, आणि लुगड्याला राळेचा वास. चारच्या सुमाराला ती परत येई, सकाळचं चित्रान्न ताटलीत घेऊन उभ्या उभ्या खाई, वर ताकाचं भांडं, आणि मग रेडिओ लावून तांदूळ निवडायला बसे. अण्णा तिच्या कामाला 'तारा चिकटवणं' म्हणत. स्वतःचं ते इंजिनिअरिंग.

तर सबनीसबाईंच्या गाण्याला गर्दी व्हायला लागली आणि अण्णांची जेवणावरची वासना उडाली. हार्मोनियम त्यांनाही आणता आली असती, मला शाळेतल्या बाईंनी थोडीफार शिकवलीच होती. पण हार्मोनियमला उत्तर हार्मोनियमनं दिलं तर ती बरोबरी झाली, आणि अण्णांना बरोबरी नको होती. त्यांच्या शेडमधल्या स्टोअरकीपरनं सांगितलं, के. आर. पुरमला एका रेल्वे गार्डाची विधवा राहते, तिच्याकडे विजेवर चालणारा जुना अमेरिकन ऑर्गन आहे, ती तो काढून टाकणार आहे. अमेरिकन आणि विजेवरचा, हे दोन शब्द पुरेसे होते. पुढच्या रविवारी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला घेऊन निघाले. मी का, तर मी 'म्युझिक' जाणते म्हणून. मला सा ते सा वाजवता येत होतं आणि दोन भजनं.

त्या विधवेचं, डोरीनबाईंचं, कौलारू घर रेल्वेच्या रुळांपासून इतकं जवळ होतं की गाडी गेली की कपाटातल्या बश्या किणकिणत. बाई सत्तरीच्या, ताठ, फुलाफुलांचा फ्रॉक, पायात पुरुषी बूट. कानडी अशी बोलत की डोळे मिटले तर बाजारातली भाजीवाली वाटावी, आणि मधेच खणखणीत इंग्रजी. घर विकून मागच्या दोन खोल्यांत त्या राहायला जाणार होत्या आणि त्या दारांतून ऑर्गन जाणार नव्हता. त्यांनी आम्हाला आल्याची बिस्किटं दिली आणि मग ऑर्गनवरची चादर काढली. एकावर एक दोन कीबोर्ड, खाली पायानं दाबायच्या लाकडी पट्ट्या, वर दोन बटणं. त्यांनी पहिलं बटण दाबून धरलं, आत कुठेतरी मोठ्या मांजरीसारखी गुरगुर सुरू झाली, त्यांनी ओठांनी आठपर्यंत मोजलं, मग दुसरं बटण दाबलं आणि वाजवायला लागल्या. काय वाजवलं ते मला ठाऊक नाही, प्रार्थना असावी. पण तो आवाज नुसता कानात येत नव्हता, जमिनीतून तळपायात येत होता. मी त्याआधी आयुष्यात इतकी मोठी आणि इतकी मऊ वस्तू ऐकली नव्हती. अण्णा त्या वेळी ऑर्गनच्या मागे वाकून लाकूड ठोकून बघत होते.

निघताना डोरीनबाईंनी मला एक छोटी बाटली दिली. वर्षातून एकदा मागचं झाकण काढायचं, वरच्या दोन नळ्यांत थोडंसं हे तेल सोडायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. "दुसरं कुठलंही तेल नाही, बेबी. ही म्हातारी बाई आहे, हिला हेच पचतं." मला त्यांनी दोनदा म्हणून दाखवायला लावलं आणि मी म्हटलं. वडलांच्या देखत माझ्यावर विश्वास टाकणारं ते पहिलं माणूस होतं. घरी आल्यावर अण्णांनी ती बाटली उजेडात धरली, हलवली, "हे पाणी आहे, तेल नव्हे," म्हणाले आणि आईला शिलाई मशीनसाठी देऊन टाकली.

ऑर्गन टेम्पोतून आला. पाच माणसं लागली, पुढच्या दाराची चौकट सोडवावी लागली आणि आत आल्यावर लक्षात आलं की तो ठेवायला जागा एकच आहे, पमाक्काची कॉट होती ती. अण्णांनी दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही. कॉट बोळात गेली, मोरीच्या दाराशी. पमाक्का कारखान्यातून आली, पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली, ऑर्गन पाहिला, मग बोळात जाऊन आपली उशी कॉटच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, मोरीकडे डोकं येऊ नये म्हणून. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी ऑर्गनकडे पाहिलं. मी सोळा वर्षांची होते आणि मला वाटत होतं की मी या घरातली एकटीच संवेदनशील व्यक्ती आहे.

शनिवारी अण्णांनी आमच्याही खिडक्या उघडल्या. मी उजव्या हातानं एक भजन वाजवलं, डावा हात मांडीवर. सबनीसबाई जिन्यावरून खाली आल्या, मान कलती करून ऐकलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो! चर्चमध्ये असतो ना तसलाच? कुणी गेलं की वाजवतात तो." आणि वर जाऊन गायला बसल्या. फाटकाशी थांबलेले लोक तिथेच थांबले, पण तोंडं माडीकडे करून.

अण्णांना तो अपमान ऑर्गनच्या आवाजाचा वाटला, माझ्या एका हाताचा नव्हे. आवाज दबलाय, सर्व्हिसिंग करायला हवं, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी जेवणानंतर त्यांनी मागची फळी काढली. आत अंधार होता, म्हणून मला टॉर्च धरायला लावला. आतलं दृश्य मी कधी विसरणार नाही. एका लांब लोखंडी पेटीच्या पन्हळीतून कापसाचे बारीक दोरे निघाले होते, शेकडो, एकेक दोरा एकेका भोकात गेलेला. अण्णा म्हणाले, "बघ, अमेरिकेतले कोळीसुद्धा केवढे!" आणि त्यांनी मूठभर दोरे उपटून काढले.

"अण्णा, त्या बाई म्हणाल्या होत्या, कशाला हात लावू नका."

"ती गार्डाची बायको. मी फोरमन."

शेडमधून आणलेला ग्रीसचा डबा त्यांनी उघडला. लालसर तपकिरी, गुळाच्या पाकासारखं दाट ग्रीस. बोटानं घेऊन त्यांनी ते जिथे जिथे काही फिरताना दिसेल तिथे थापलं, उरलेलं त्या दोन नळ्यांत कोंबलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला वाटतं त्या सगळ्या प्रकरणात ऑर्गनपासून त्यांना खराखुरा आनंद मिळाला तो तेवढाच. फळी बसवून त्यांनी पहिलं बटण दाबलं. आतून बैलानं हुंकार द्यावा तसा आवाज आला, मग तो खाली खाली गेला आणि थांबला. पुन्हा दाबलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, काही नाही.

आता माणूस काय म्हणेल? "माझं चुकलं" म्हणेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझे वडील पाहिलेले नाहीत. त्यांनी नंजुंडप्पाला बोलावलं. नंजुंडप्पा लग्नाकार्यात लाउडस्पीकर भाड्यानं देई आणि त्या बळावर स्वतःला साउंड इंजिनिअर म्हणवून घेई. त्यानं पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, फळी काढायची तसदी घेतली नाही, आणि "होगिदे" म्हणाला. म्हणजे गेलंय. काय गेलंय? कॉइल होगिदे. मग मोटर होगिदे. कॉफी पिऊन झाल्यावर सगळंच होगिदे. जुना माल रंगरंगोटी करून तुमच्या गळ्यात मारला, असंही जाता जाता म्हणाला. अण्णांना नेमकं तेच ऐकायचं होतं. स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर लिहून देणारा तज्ज्ञ मिळाला की माणसाला कसलं समाधान वाटतं ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. पुढे नोकरीत पुष्कळदा पाहिलं.

रविवारी आम्ही पुन्हा के. आर. पुरमला. अण्णांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. डोरीनबाईंच्या व्हरांड्यात चर्चमधली चारपाच माणसं चहा घेत बसली होती. अण्णा पायरीही न चढता अंगणातूनच ओरडले, "चीटिंग! धिस इज चीटिंग!" इंग्रजीत त्यांना भांडणाचे एवढेच शब्द येत, म्हणून ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मेलेलं मशीन विकलं, बाईमाणूस म्हणून विश्वास ठेवला, मराठ्यांना फसवणं सोपं वाटलं का, असं पुढचं कानडीत. व्हरांड्यातली माणसं कप खाली ठेवून डोरीनबाईंकडे पाहायला लागली. त्या पाहण्यात थोडीशी शंका होती. एक बाई तर खुर्ची जराशी मागे सरकवून बसली. डोरीनबाई उठून कठड्याशी आल्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलंच नाही, मला विचारलं.

"बेबी, मी दिलं तेच तेल घातलंस ना? दुसरं काही नाही ना?"

अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांनी तो दाबला वगैरे नाही. मला बहाणा करायचा असता तर दाबला म्हणून लिहिलं असतं. तो नुसता होता.

"हो," मी म्हटलं. "तेच घातलं."

डोरीनबाईंनी मान हलवली. "मग माझंच काही राहिलं असेल," म्हणाल्या. "मी येऊन बघते." अण्णा म्हणाले, काही गरज नाही, तुमच्यासारख्यांना आम्ही घरात घेत नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. मी ती खाल्ली. सगळी खाल्ली, हे सांगितलंच पाहिजे, कारण वडलांचा पाणउतारा करत ही पानं लिहिताना मला स्वतःला बाजूला उभं राहता येत नाही. त्यांनी मूर्खपणा केला आणि मी खोटं बोलले, आणि दोन्हीपैकी मूर्खपणा मला अजूनही बरा वाटतो.

घरी ऑर्गनवर इस्त्रीचे कपडे साठायला लागले. महिनाभरानंतर एका रविवारी अण्णा कुणाच्या बारशाला गेले होते. पमाक्का कारखान्यातून आणलेली आपली हत्यारांची पिशवी घेऊन ऑर्गनच्या मागे जाऊन बसली. ऑर्गनवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले, फळी काढली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग एक बोट आत घालून बाहेर काढलं आणि ते नाकाशी नेलं.

"नलू," तिनं हाक मारली. "इकडे ये बघ. हे काय आहे?"

"मला ठाऊक नाही."

"तुझ्या बापाच्या सगळ्या शर्टांना हाच वास येतो. धुते मी ते." तिनं बोट फडक्याला पुसलं. "टॉर्च कुणी धरला होता?"

मी फडक्यावरच्या लालसर डागाकडे पाहिलं.

"आणि त्या बाईवर जाऊन ओरडून आला म्हणे तो. तू होतीस ना बरोबर? तू काय म्हणालीस?"

मी रडायला लागले. पमाक्कानं मला जवळ वगैरे घेतलं नाही. "रडून झालं की रॉकेल घेऊन ये," ती म्हणाली, "आणि तुझ्या आईच्या मशीनजवळची ती इंग्लिश बाटली. आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. जाड नको, बारीक."

चार रविवार लागले. इंजेक्शनची सुई लावून ती एकेका भोकात थेंब थेंब रॉकेल सोडी, चिंधीनं ग्रीस टिपून काढी, मग आतला दांडा हातानं स्वल्प फिरवून बघी. पहिल्या रविवारी तो हललाच नाही. दुसऱ्या रविवारी केसभर हलला आणि पमाक्का चक्क हसली. आत नाण्यांएवढी दातेरी चाकं होती, दाटीवाटीनं, प्रत्येकापाशी एक लोहचुंबक. चाक फिरलं की सूर निघतो, जितके दाते तितका वरचा सूर, हे तिनं मला सांगितलं, आणि ते तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं, तिनं पाहून ओळखलं होतं. उपटलेल्या दोऱ्यांच्या जागी तिनं नवे दोरे ओवले. एकेक दोरा चिमट्यात धरून, भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून. पन्हळीतलं तेल दोऱ्यातून झिरपत प्रत्येक चाकापर्यंत जातं. ते कोळ्याचं जाळं नव्हतं, त्या यंत्राच्या रक्तवाहिन्या होत्या. दोन सुटलेले जोड तिनं सोल्डर केले. घरभर राळेचा वास पसरला आणि मला प्रथमच तो वास आवडला. अण्णा पुढचे तिन्ही रविवार घरातच होते. पेपर वाचत होते. एकदा म्हणाले, "चिकटव, चिकटव. जळून जाईल तेव्हा कळेल." पमाक्कानं पुढचा दोरा चिमट्यात धरला.

चौथ्या रविवारी तिनं पहिलं बटण दाबलं, मी सांगितलं तसं आठपर्यंत मोजलं, दुसरं दाबलं. गुरगुर सुरू झाली आणि चालूच राहिली. ती मला म्हणाली, "वाजव." मी कुठलीतरी एक पट्टी दाबली आणि स्वयंपाकघरातून आई हातात लाटणं घेऊन पळत आली.

आणि आता माझ्या वडलांचं खरं इंजिनिअरिंग पाहा. आठ दिवसांत त्यांनी चहाचा कार्यक्रम ठरवला. सबनीस पतिपत्नी, गल्लीतली प्रतिष्ठित मंडळी, शेडमधला स्टोअरकीपर आणि, मला वाटतं तो कळसच होता, नंजुंडप्पा. आईनं रव्याचे लाडू केले, उपीट केलं. सगळे बसल्यावर अण्णा ऑर्गनवर हात ठेवून उभे राहिले आणि भाषण करायला लागले. एका लबाड बाईनं आपल्याला मेलेलं यंत्र कसं विकलं, मोठमोठ्या तज्ज्ञांनी हात कसे टेकले, तेव्हा आपण स्वतः हत्यारं हातात घेऊन, पीण्यातला सगळा अनुभव पणाला लावून त्यात प्राण कसा फुंकला. "मशीन शेवटी मशीन असतं," ते म्हणाले. "त्याला पुरुषाचा हात ओळखता येतो." सबनीस "वा" म्हणाले. पमाक्का स्वयंपाकघराच्या दारात कपबश्यांचा ट्रे घेऊन उभी होती. ती चिडलेली दिसत नव्हती. ती पुढच्या दाराकडे पाहत होती.

दारात डोरीनबाई उभ्या होत्या. त्याच फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये, हातात पर्स घट्ट धरून. पमाक्का आदल्या दिवशी कारखान्यातून परस्पर बस बदलत के. आर. पुरमला गेली होती आणि त्यांना बोलावून आली होती. काय सांगून बोलावलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. अण्णांनी त्यांना पाहिलं आणि त्यांचं वाक्य मधेच राहिलं. कुणी बसा म्हणेना. शेवटी आईनं खुर्ची ओढली. तिनं आयुष्यात नवऱ्याच्या मनाविरुद्ध एवढ्या लोकांसमोर केलेली बहुधा ती पहिली गोष्ट.

डोरीनबाई बसल्या नाहीत. ऑर्गनपाशी गेल्या, मागे वाकून पाहिलं. नवे दोरे त्यांना दिसले असणार. सरळ होऊन त्यांनी कानडीत विचारलं, "हे कुणी दुरुस्त केलं?"

अण्णांनी तोंड उघडलं. खरं सांगते, ते काय बोलणार होते मला ठाऊक नाही. कदाचित खरं बोललेही असते. मी ते बोलू दिलं नाही, कारण थांबले असते तर मला पुन्हा धीर झाला नसता.

"पमाक्कानं," मी म्हटलं. माझा आवाज इतका चिरका आला की सबनीसबाई दचकल्या. "पमाक्कानं दुरुस्त केलं आणि अण्णांनी बिघडवलं. तुमची बाटली घातलीच नव्हती. ग्रीस घातलं. मी टॉर्च धरला होता. मी तुमच्याशी खोटं बोलले."

मराठीत सुरू केलेलं मी कानडीत संपवलं, म्हणजे कळलं नाही असा खोलीत एकही माणूस उरला नाही. नंजुंडप्पानं लाडू तोंडात घातला होता तो तसाच राहिला. अण्णा माझ्याकडे चालत आले. मारतील असं सगळ्यांना वाटलं, मलाही. ते माझ्या बाजूनं पुढे गेले, चपला पायात सरकवल्या आणि फाटकाबाहेर निघून गेले.

डोरीनबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या क्षणी त्यांनी मला माफ केलं असं लिहिलं तर हे प्रकरण वाचायला बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "त्या दिवसानंतर चर्चमध्ये तीन बायका माझ्याशेजारी बसत नाहीत, बेबी. तू येऊन त्यांना सांगशील?" मी हो म्हटलं. "येत्या रविवारी," त्या म्हणाल्या. "आठला." मग पमाक्काकडे वळून त्यांनी तिचे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून ते बारीक डाग पाहिले आणि तिला ऑर्गनसमोरच्या बाकावर आपल्याशेजारी बसवलं. आणि दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी वाजवायला लागल्या. खिडकीची तावदानं थरथरली. सबनीसबाई पहिली पाच मिनिटं मान कलती करून ऐकत होत्या, मग मान सरळ झाली. त्यानंतर शनिवारी त्यांच्या खिडक्या लावलेल्या असत.

अण्णा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. पमाक्कानं सोमवारीच, कुणाला न विचारता, आपली कॉट बोळातून पुढच्या खोलीत आणली आणि ऑर्गनला चिकटून लावली. चालायला जागा राहिली नाही, सगळे अंग चोरून, कडेनं सरकत जायचे.

रविवारी सकाळी पमाक्का आणि मी निघालो तेव्हा अण्णा फाटकाशी उभे होते, इस्त्रीच्या शर्टात. ते आमच्या मागून दहा पावलांवरून स्टॉपपर्यंत आले, बसमध्ये पुढच्या बाजूला चढले, आपलं तिकीट आपण काढलं. चर्चबाहेरच्या आवारात मी त्या तीन बायकांना सांगितलं, एकेकीला वेगळं. कानडीत सांगितलं आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा अवघड गेलं. अण्णा रस्त्यापलीकडे पानाच्या दुकानाशी पाठ करून उभे होते. नंतर आम्ही डोरीनबाईंच्या मागच्या दोन खोल्यांकडे गेलो, तेव्हा तेही आले, पण कुंपणाच्या बाहेर थांबले. डोरीनबाईंनी खिडकीतून त्यांना पाहिलं. बोलावलं नाही. चहा झाल्यावर एक कप माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "त्या माणसाला दे."

मी कुंपणावरून कप दिला. अण्णांनी तो उभ्यानं प्याला, सावकाश. मग आत आले, अंगणातल्या नळाशी उकिडवे बसले आणि कप धुतला. घरी पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं न उचलणारा माणूस. आतून बाहेरून धुतला, कान धुतला, खिशातल्या रुमालानं पुसून पायरीवर पालथा ठेवला आणि पुन्हा कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले.

आई जिवंत होती तोवर म्हणत असे, तीच त्यांची माफी होती, तुला ओळखता आली नाही. मी त्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे, आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि माणसांना सवलत द्यायला मी शिकले आहे असं माझी मुलं म्हणतात. पण डोरीनबाई आत होत्या, दार उघडं होतं, आणि नळापासून त्या दारापर्यंत अंतर सहा पावलांचं होतं. मी त्याला कप धुणं म्हणते.